मुंबईचे मुखदर्शन

'मुंबई दर्शन' हे दोन शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यांतल्या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष जात नाही. शहर पाहणे, शहर हिंडणे, शहर समजून घेणे, ह्यांपैकी कोणतेही क्रियापद सहलवाल्यांनी उचलले नाही. त्यांनी देवळातला शब्द उचलला. आणि तो चपखल आहे. दर्शनाला गेलेला माणूस देवाची विचारपूस करीत नाही. रांगेत उभे राहायचे, पुढच्याच्या खांद्यावरून क्षणभर मूर्ती पाहायची, हात जोडायचे, आणि सेवेकऱ्याने 'चला, पुढे चला' म्हटले की पुढे सरकायचे. लालबागच्या राजापुढे दरवर्षी दोन रांगा लागतात, एक नवसाची आणि एक मुखदर्शनाची. नवसाच्या रांगेतला माणूस तासन्‌तास उभा राहून पायापर्यंत पोहोचतो. मुखदर्शनवाला लांबूनच चेहरा पाहून बाहेर पडतो. मार्गदर्शकासह एका दिवसात उरकले जाणारे मुंबईचे दर्शन हे मुखदर्शन असते. त्याविषयी आमची तक्रार नाही. ज्याला एकच दिवस आहे त्याने दुसरे काय करावे? आमचा प्रश्न निराळा आहे. ह्या शहराचे मुख म्हणून जे दाखवले जाते ते कोणी ठरवले, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी ते निमूटपणे मान्य का करावे?

दर्शनाची बस सकाळी निघते आणि अंधार पडता पडता परत येते. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट, मणिभवन, हाजी अली, नेहरू विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक. मग वरळी-वांद्रे सागरी सेतूवरून नटनट्यांचे बंगले आणि शेवटी जुहूची वाळू. क्रम थोडाफार बदलतो, मजकूर बदलत नाही. मजकूर हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो आहोत. मार्गदर्शकाचे निवेदन ही एक संहिता आहे. तिला निवेदक आहे, गृहीत श्रोता आहे, प्रसंगांची निवड आहे आणि गाळलेल्या जागा आहेत. ती अर्धी हिंदीत आणि अर्धी इंग्रजीत असते. तिच्यात वर्ष, खर्च आणि उंची हे तीन तपशील हमखास येतात. आणि तिचे मुख्य पात्र नेहमी इमारत असते, माणूस नव्हे. माणूस आलाच तर तो बंगल्याचा मालक म्हणून येतो. वर्गात एखाद्या कादंबरीच्या निवेदकाला आपण ज्या बारकाईने तपासतो, त्याच्या निम्म्या बारकाईने ही संहिता कोणी तपासल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

उदाहरणादाखल हुतात्मा चौक घ्या. बस तेथून जाते. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन, त्यावरची रोमन देवता, तिच्या पायांखालचे दगडी मासे, एवढे सांगून होते तोवर वळण येते. शेजारी मशाल धरून उभे असलेले शेतकरी आणि कामगार कोण, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी ह्याच परिसरात गोळ्या का झाडल्या गेल्या, हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशांनाही सांगितले जात नाही. वेळ नसतो असे म्हणावे, तर म्हाताऱ्या बाईच्या सिमेंटच्या बुटापाशी वीस मिनिटे मिळतात.

ह्या निवडीमागे कोणाचा कट नाही. निकष साधा आहे: जे उभे आहे आणि देखणे आहे ते दाखवावे. २००४ साली बोरीबंदरच्या स्थानकाला आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, तो ह्याच निकषावर आणि तो योग्यच आहे. पण हा निकष एकदा स्वीकारला की नकाशा आपोआप चर्नी रोडच्या अलीकडे संपतो आणि थेट प्रभादेवीला पुन्हा सुरू होतो. मधले गिरगाव, लालबाग, परळ वाटेत लागतात, पण स्थळ म्हणून लागत नाहीत. आता तर वाटेतही लागेनासे झाले आहेत. २०११ साली लालबागचा उड्डाणपूल झाला आणि लालबाग रस्त्यावर न राहता रस्त्याखाली गेले. गाडीतून दिसतात त्या चाळींच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे. २०२४ पासून सागरी किनारा मार्गाचा बोगदा गिरगाव चौपाटीच्या पोटातून जातो. मरीन ड्राइव्हवरून वरळीला निघालेल्या पाहुण्याला गिरगाव नावाची वस्ती डोक्यावर कुठेतरी आहे, ह्याची चाहूलही लागत नाही.

मराठीला शहर दाखवण्याची स्वतःची रीत नव्हती असे मुळीच नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. हा लेखक लहानपणी गोव्याहून मुंबईत आला आणि त्याने पुस्तक लिहिले ते इंग्रज पाहुण्यासाठी नव्हे, मराठी वाचकासाठी. त्यात देवळे, तळी, शाळा, छापखाने, आगगाडी आहेत. पण त्यांच्या बरोबरीने जातीजमाती, धंदे, बाजारभाव, सणवार, लोकांच्या खोडीसुद्धा आहेत. माडगांवकर इमारतीसमोर थांबतात तेव्हा तिच्यात कोण काय करतो हे विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. पुढे १८८९ साली आचार्य आणि शिंगणे ह्यांचा 'मुंबईचा वृत्तान्त' आला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातच मराठीत मुंबईची दोन भक्कम मार्गदर्शक पुस्तके होती, आणि दोहोंना शहर म्हणजे माणसे हे कळलेले होते. आजच्या बसमधल्या निवेदनापेक्षा ती किती पुढची आहेत हे पाहायला विद्यार्थ्यांनी त्यांची नुसती अनुक्रमणिका चाळावी.

त्याहून बोलके उदाहरण लावणीचे आहे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. खेड्यातून आलेला माणूस डोळे विस्फारून जे पाहील ते सारे, शहराचा थाट, झगमगाट, रंगेलपणा, तिच्यात आहे. तमाशाच्या बोर्डावरून गावोगाव झालेले ते पहिले मुंबई दर्शनच म्हणायला हवे. अण्णा भाऊ साठ्यांनी पुढे 'मुंबईची लावणी' रचली ती ह्या दर्शनाला उत्तर म्हणून. त्यांनी चाल मोडली नाही, स्थळे टाळली नाहीत. मलबार हिल तेथेही आहे; फक्त त्याच्यासमोर परळ आणून उभे केले आहे, आणि एकाच्या वैभवाचा दुसऱ्याच्या घामाशी असलेला हिशेब मांडला आहे. पाहुण्याची मुंबई आणि राहणाऱ्याची मुंबई हा वाद शाहिरांनी तमाशाच्या बोर्डावरच मांडून ठेवलेला असताना 'सांस्कृतिक पर्यटन' ह्या विषयावरच्या आपल्या परिसंवादांत दरवेळी पाश्चात्त्य सिद्धान्तापासून सुरुवात का करावी लागते, हे आम्हाला उमगलेले नाही.

गिरगावापाशी आम्ही फार रेंगाळणार नाही, कारण त्याच्यावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. खोताच्या वाडीत अलीकडे हेरिटेज वॉकचे जथे येतात. तेथली लाकडी जिन्यांची पासष्टेक घरे होती, त्यांतली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत, म्हणून येतात. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती आहे, आणि भव्यतेच्या शर्यतीत न उतरता तो आजही आटोपशीर मूर्तीवर समाधानी आहे. खटाववाडीत मौज, केळेवाडीत साहित्य संघ. अर्ध्या तासाच्या पायपिटीत मराठी वाङ्मयाचा अर्धा इतिहास उभा राहतो. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात चाळ म्हटले की जे उमटते ते 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधून आलेले असते, म्हणजे गमती, भांडणे, संगीतिका, उपास. पु.लं.नी शेवटी जोडलेले 'एक चिंतन' कोणाच्या लक्षात राहत नाही. हा लेखकाचा दोष नव्हे, वाचनाच्या सवयीचा आहे. पण त्याचा परिणाम असा की गिरगावातली मध्यमवर्गीय चाळ हीच समस्त चाळसंस्कृती ठरली, आणि तीन मैलांवरची दुसरी चाळ, जिच्या एका खोलीत गावाकडची दहा-पंधरा माणसे पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपत, ती आठवणींच्या लेखांतही आली नाही. त्या माणसांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ साली उभी राहिली. तिच्यावर मराठीत एक तरी नाटक असायला हवे होते.

लालबागकडे वळू. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत लाखो माणसे तेथे येतात. भारतातल्या कोणत्याही मार्गदर्शित सहलीला इतके प्रवासी मिळत नसतील. ती लालबागला येतात आणि लालबाग न पाहता जातात. ज्या राजासाठी ती येतात त्याची कथा तरी त्यांना कोण सांगतो? १९३२ साली पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला. मासळी विकणाऱ्या कोळ्यांना आणि छोट्या व्यापाऱ्यांना बसायला जागा उरली नाही. बाजारासाठी कायमची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी केला. जागा मिळाली, आणि १९३४ साली गणपती बसला. म्हणजे 'नवसाला पावणारा' ह्या ख्यातीच्या मुळाशी परीक्षा, परदेशगमन किंवा संतती नाही. पोटासाठी शहरात चार हात जमीन मागणे आहे. हा संदर्भ कळला की त्या मंडपाभोवतीचा परिसर वेगळा दिसू लागतो. ज्या वस्तीच्या देवाने बाजाराला जागा मिळवून दिली, त्याच वस्तीतल्या गिरण्यांच्या जमिनीतून कामगाराचा वाटा मात्र निसटला. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ साली त्यात बदल झाला. वाटे पाडायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे, असा अर्थ ठरला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. नवस कोणाला पावला, हे मॉलच्या वाहनतळात उभे राहिल्यावर कळते.

परळ तर एखाद्या उत्खननासारखे आहे, थरांखाली थर. १९३१ साली रस्त्याच्या कामात येथे पुरुषभर उंचीहून बरीच मोठी शिवमूर्ती सापडली. एकाच शिळेतून एकावर एक आणि दोन्ही बाजूंना उमलत गेलेल्या आकृती, पायथ्याशी वाद्ये वाजवणारे गण. पाचव्या-सहाव्या शतकातले हे शिल्प, घारापुरीच्या तोडीचे. घारापुरीला जायला गेटवेवरून बोटी सुटतात. परळचा शिव बारादेवीच्या देवळात, चाळींच्या शेजारी निवांत उभा आहे. त्याची प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात आहे, आणि बसमधले प्रवासी पाहतात ती प्रतिकृतीच. जवळच गव्हर्नरांचे जुने निवासस्थान. परळची हवा बिघडल्यावर साहेब मलबार हिलवर गेले आणि १८९९ साली त्या वाड्यात हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. प्लेगनेच सुधार न्यासाला जन्म दिला, न्यासाने बी. आय. टी. चाळी बांधल्या, आणि त्यांतल्या परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसहून अधिक वर्षे राहिले. बॅरिस्टर होऊन आले तेही त्याच खोल्यांत. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी १९२४ साली बैठक झाली ती परळच्याच दामोदर हॉलमध्ये. त्याच दामोदरच्या नाट्यगृहावर पुढे कामगार रंगभूमी आणि कोकणातल्या चाकरमान्यांची नमन-दशावतारे नांदली. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झाले. अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीत बसणारा हा मजकूर आहे, आणि आमच्या माहितीतल्या एकाही दर्शन-बसच्या पत्रकात 'परळ' हा शब्द नाही.

गिरण्यांचा प्रश्न मात्र वेगळा आणि अधिक अवघड आहे, कारण तेथे दाखवायला काही उरलेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अडीच लाख कामगार त्यात होते. आज फिनिक्सची चिमणी मॉलच्या आवारात शोभेची वस्तू म्हणून उभी आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात वस्त्रसंग्रहालय करण्याची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. भोंगा कोठेही ऐकू येत नाही, आणि भोंगा दाखवता येत नाही. मार्गदर्शकाची संहिता येथे मोडून पडते: वर्ष आहे, खर्च नाही, उंची नाही. नाहीशा झालेल्या गोष्टीपुढे पाहुण्याला उभे करून तिचे अस्तित्व पटवायचे असेल तर भाषेवाचून दुसरे साधन नाही. येथे साहित्य हे सहलीचे अलंकरण राहत नाही, तेच स्थळ होते. गंगाराम सुर्व्यांनी उचलून घरी आणलेले अनाथ मूल ज्या गल्ल्यांत वाढले त्या गल्लीत उभे राहून 'माझे विद्यापीठ' (१९६६) वाचणे, किंवा करी रोडच्या पुलावर थांबून जयंत पवारांच्या 'अधांतर'मधल्या घराची, संपानंतर आतून उसवत गेलेल्या त्या कुटुंबाची, चर्चा करणे ही भावुक कृती नव्हे. त्या जागेवर आज काय आहे आणि संहितेत काय आहे ह्यांतले अंतर डोळ्यांनी मोजता येते. वर्गात ते मोजता येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

मात्र ह्यात एक खोल खड्डा आहे आणि हेरिटेज वॉकवाले त्यात हमखास पडतात. चाळीतली माणसे अजून तेथे राहतात. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आम्ही काही विद्यार्थ्यांसह गेलो होतो तेव्हा मधल्या बोळातल्या अंधारात मेथी निवडत बसलेल्या एका आजींनी वह्या पाहून विचारले, "सर्वेवाले का तुम्ही?" गेली कित्येक वर्षे तेथे वही घेऊन येणारा प्रत्येक माणूस पुनर्विकासाच्या सर्वेक्षणासाठी येतो, तिसरा कोणी येत नाही. एक विद्यार्थिनी म्हणाली, "नाही आजी, नुसते बघायला आलोय." त्यावर आजी म्हणाल्या, "बघा मग. पण आत येऊन बघा, दारातनं काय दिसणार?" आणि त्यांनी खोली दाखवली: एकशे साठ चौरस फूट, पोटमाळा, मोरी, चार पिढ्यांचे फोटो. नव्या इमारतीत पाचशे चौरस फुटांचे घर मिळणार, त्यात संडास घरातच असेल, हे त्यांनी दोनदा सांगितले. परतताना विद्यार्थ्यांत वाद झाला. चाळ जाणार म्हणून हळहळणाऱ्यांना इतरांनी सुनावले की मजल्यामागे सामायिक संडासाच्या रांगेत तुम्ही एक महिना काढून दाखवा. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहोत. १९२० च्या दशकात बांधलेल्या ह्या इमारती आता जात आहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि ह्यात शोक करण्यासारखे फारसे नाही. शोक करायचाच तर ज्या कामगाराला ह्या शहराबाहेर शेलू-वांगणीला घर घ्या असे सांगितले गेले त्याचा करावा. गिरणगावाचे दर्शन म्हणजे दारिद्र्याचे प्रदर्शन नव्हे, आणि स्मरणरंजनही नव्हे. 'दारातनं काय दिसणार' हा आजींचा आक्षेप मुखदर्शनावरचा सर्वांत नेमका आक्षेप आहे. पण आत यायचे ते बोलावल्यावर, हीही अट त्यातच आली.

बसशिवायचे, मार्गदर्शकाशिवायचे दर्शन कसे असते हे पाहायचे तर सहा डिसेंबरला दादरला जावे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभी असतात. पुष्कळांचे पाय हिंदू कॉलनीतल्या राजगृहाकडे वळतात. एका माणसाने आपल्या पुस्तकांसाठी बांधलेले ते घर. आणि शिवाजी पार्कवर ती पुस्तके विकत घेतात: दहा रुपयांची पुस्तिका, शंभराचा ग्रंथ, दिनदर्शिका. आपल्या वाङ्मयीन संमेलनांतल्या पुस्तकविक्रीचे कौतुक होते. ह्या विक्रीची बातमी मात्र काही वर्षांपूर्वीपर्यंत वाहतूक कोंडीच्या बातमीच्या पोटात यायची. येथे येणाऱ्याला कोणत्या स्थळी काय पाहायचे हे सांगावे लागत नाही, कारण तो वाचून आलेला असतो, किंवा ज्याने वाचले आहे त्याचे ऐकून आलेला असतो. मुंबईत नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग ह्यांखेरीज ही तिसरी रांग आहे.

आमची सूचना अगदी साधी आहे. मुंबईतल्या आणि मुंबईबाहेरच्याही मराठी विभागांनी अभ्याससहल म्हणून एक दिवस गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर ह्यांना द्यावा. केशवजी नाईकांच्या चाळीपासून निघून राजगृहापर्यंत पायी आणि लोकलने हा दिवस पुरतो. आधीच्या महिन्यात माडगांवकर, अण्णा भाऊ, सुर्वे आणि पवार वाचलेले असावेत. न वाचलेल्याने त्या दिवशी वर्गातच बसावे. अभ्यासक्रमात बसत नाही, श्रेयांकात मोजता येत नाही, हे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. ज्या अभ्यासक्रमात 'महानगरीय साहित्य' नावाची अभ्यासपत्रिका आहे त्यात महानगर बसत नसेल तर दुरुस्ती कोठे करायची हे उघड आहे.

आणि मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकाने स्वतः पुढे होऊ नये. साच्यावर किंवा रिंगवर वीस-पंचवीस वर्षे काम केलेली माणसे ह्या वस्तीत अजून आहेत, पण ती आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दहा वर्षांनी हा लेख लिहिण्यात अर्थ राहणार नाही. त्यांना बोलवावे आणि रीतसर मानधन द्यावे. आमच्या परिचयातल्या एका विभागाने हे करून पाहिले. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी विद्यार्थ्यांना पाच तास हिंडवले. ताणा, बाणा, बदली कामगार, खाडा आणि पगाराची तारीख असे शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मुलांनी 'अधांतर'च्या प्रतीत समासांत टिपणे काढली. नंतर 'अतिथी व्याख्याता' ह्या सदराखाली त्यांचे देयक लेखाशाखेकडे गेले. अर्जात 'शैक्षणिक अर्हता' असा रकाना होता. गृहस्थांनी त्यात स्वतःच्या अक्षरात 'चौथी पास' असे लिहिले. तो रकाना पुन्हा भरून पाठवावा, अशा शेऱ्यासह देयक परत आले आहे.